शिवाराच्या पावसाची नोंद शिवारातच हवी

वऱ्हाडातील कोरडवाहू शेतीचा सारा व्यवहार पावसाळ्याच्या चार महिन्यांवर उभा आहे. अमरावती व अकोला जिल्ह्यांच्या सपाट भागात वर्षाकाठी सरासरीने आठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. परंतु सरासरीवर कोणी पेरणी करीत नाही. पेरणी होते ती एका वावरात व एका ठराविक दिवशी. आणि त्या दिवसापर्यंत त्या वावरात प्रत्यक्ष किती पाणी पडले, यावर तिचे यशापयश अवलंबून असते. मृगाचा पाऊस असा, की बैलाचे एक शिंग भिजावे व दुसरे कोरडे राहावे, असे जुने कास्तकार म्हणत. या म्हणण्यात थोडी अतिशयोक्ती असली, तरी त्यामागील अनुभव खरा आहे. एका गावच्या नाल्याला पूर यावा आणि दोन कोसांवरच्या गावी धूळ उडत असावी, हे वऱ्हाडात दर वर्षी घडते.

असे असूनही बहुतेक गावांत पावसाची मोजणी होत नाही. ‘बरा पडला’, ‘चांगला वापसा झाला’, ‘तास भरून वाहिला’ अशा शब्दांत पाऊस सांगितला जातो, आणि तेवढ्यावर बियाणे व खत मातीत घातले जाते. अलीकडे बाजारात घरगुती बिनतारी हवामान केंद्रे मिळू लागली आहेत. काही बागाईतदारांनी ती आपल्या मळ्यात बसविली असून इतरांनाही त्यांविषयी कुतूहल वाटू लागले आहे. ही यंत्रे घ्यावीत की न घ्यावीत, घेतल्यास ती कशी बसवावीत, आणि त्यांच्याकडून काय अपेक्षावे व काय अपेक्षू नये, याचा विचार गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकऱ्यांनी वेळीच करणे अगत्याचे आहे.

आजची व्यवस्था आणि तिची उणीव

आपल्या देशात हवामानाच्या नोंदीची परंपरा नवी नाही. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ साली झाली. शेतीसाठी हवामानाचा अभ्यास करणारा स्वतंत्र विभाग १९३२ साली पुणे येथे डॉ. एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. १९४८ साली त्याच शहरी हवामान खात्याच्या सेवेत दाखल झालेल्या अण्णा मणी यांनी हवामानाची उपकरणे देशातच तयार व्हावीत आणि ती प्रमाणशीर असावीत, यासाठी आयुष्य वेचले. तहसील कचेरीच्या आवारातील पर्जन्यमापक तर वऱ्हाडातील जुन्या पिढीच्या परिचयाचेच आहे. १९६९ साली अकोला येथे कृषी विद्यापीठ स्थापन झाले. पापळ गावचे सुपुत्र आणि केंद्राचे कृषिमंत्री राहिलेले डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव त्यास दिलेले आहे. शेतकऱ्यांसाठी हवामानावर आधारित कृषिसल्ला तेथूनही दिला जातो.

महाराष्ट्र शासनाने २०१७ साली ‘महावेध’ प्रकल्प हाती घेऊन महसूल मंडळांच्या पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली. राज्यभर अशी दोन हजारांहून अधिक केंद्रे झाली. ही मोठीच प्रगती होय. पूर्वी जेथे संपूर्ण तालुक्याचा पाऊस एका आकड्यात सांगितला जाई, तेथे आता मंडळाचा आकडा मिळू लागला. तथापि एका मंडळात अनेक गावे येतात, आणि केंद्र त्यांपैकी एकाच ठिकाणी असते. केंद्रापासून पाचदहा किलोमीटर दूर असलेल्या शिवारात तोच पाऊस पडला असेल, असे मानण्यास आधार नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत तर ही तफावत अधिकच असते. चिखलदऱ्यास सपाट भागाच्या जवळजवळ दुप्पट पाऊस होतो. आणि डोंगरावरून उतरणारा ढग कोठे रिता होईल, याचा नेम नसतो.

केंद्र शासनाने २०२३ साली जाहीर केलेल्या ‘विंड्स’ या उपक्रमात ग्रामपंचायत पातळीपर्यंत पर्जन्यमापक नेण्याचा हेतू आहे. शासनालाही मंडळाचा आकडा अपुरा वाटतो, हेच त्यावरून दिसून येते. परंतु तोवर शेतकऱ्याने हात बांधून बसण्याचे कारण नाही.

यंत्राचे स्वरूप

घरगुती बिनतारी केंद्राचे दोन भाग असतात. पहिला भाग उघड्यावर खांबावर बसवावयाचा. त्यात पाऊस मोजणारे पात्र, वाऱ्याचा वेग दाखविणाऱ्या फिरत्या वाट्या, दिशा दाखविणारा पंखा आणि उष्णता व आर्द्रता ओळखणारे सेन्सर, म्हणजे संवेदक, असतात. दुसरा भाग घरात ठेवावयाची दर्शक पेटी. बाहेरचा भाग दर काही सेकंदांनी आपली मोजणी रेडिओ लहरींवरून या पेटीस कळवितो. मध्ये तार लागत नाही, म्हणून त्यास बिनतारी म्हणतात. हवेचा दाब मोजणारे साधन बहुधा पेटीतच असते.

पाऊस मोजण्याची युक्ती समजून घेण्याजोगी आहे. पात्राच्या तळाशी झोपाळ्यासारखी दोन छोटी पन्हळी असतात. ठराविक पाणी साचले की एक पन्हळे कलंडते व दुसरे वर येते. प्रत्येक कलंडीस ०.२ किंवा ०.३ मिलिमीटर पाऊस धरला जातो आणि कलंडी मोजून एकूण पाऊस काढला जातो. यंत्र हुशार नाही. ते केवळ मोजते. म्हणून पन्हळ्यात कोळ्याने जाळे विणले, मुंग्यांनी घर केले किंवा उन्हाळ्यातील वावटळीची धूळ साचली, तर पाऊस कोसळत असताही पेटीवर शून्य दिसते. अतिशय जोराच्या सरीत काही पाणी मोजणीतून सुटते व आकडा थोडा कमी येतो, हेही जाणून असावे.

अंदाज नव्हे, नोंद

यंत्र विकत घेणाऱ्यांची सर्वांत मोठी चूक येथेच होते. दर्शक पेटीवर सूर्याचे, ढगाचे वा पावसाच्या थेंबांचे चित्र उमटते, आणि उद्याचे हवामान कळले असे घरातील मंडळी समजतात. हे चित्र हवेचा दाब चढतो की उतरतो एवढ्यावरूनच काढलेले असते, आणि ती रीत थंड प्रदेशांतील वादळांच्या अनुभवावर बेतलेली आहे. आपल्या उष्ण प्रदेशात निरभ्र दिवशीही दाब सकाळी दहाच्या सुमारास चढतो व दुपारी चारच्या सुमारास उतरतो. हा रोजचा चढउतार पावसाचा संकेत नव्हे. त्या चित्रावर विसंबून पेरणी, फवारणी किंवा मळणी ठरविणे धोक्याचे होय.

अंदाजासाठी हवामान खाते आहे. मंगळवारी व शुक्रवारी प्रसृत होणारा कृषिसल्ला आहे. ज्यांची श्रद्धा आहे ते पंचांगातील नक्षत्राच्या वाहनाकडे आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमारास भेंडवळ येथे होणाऱ्या घटमांडणीकडेही लक्ष देतात. परंतु उद्या काय होईल, हे सांगणारे कितीही असले, तरी काल आपल्या शिवारात काय झाले, हे सांगणारा कोणी नाही. ते काम घरचे केंद्र करू शकते, आणि तेच त्याचे खरे काम आहे. अंदाज दुसऱ्याकडून घ्यावा. नोंद मात्र आपलीच असावी.

नोंदीचा प्रत्यक्ष उपयोग

पहिला उपयोग पेरणीचा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय खरिपाची पेरणी करू नये, असा सल्ला कृषी विभाग देत असतो. समजा, मंडळाच्या केंद्रावर ८० मिलिमीटर पावसाची नोंद झाली. ती ऐकून एखाद्या गावाने सोयाबीन पेरले. त्या गावच्या शिवारात मात्र पडला होता केवळ ४० मिलिमीटर. वरची माती ओली झाली, बी रुजले, आणि पुढे दहाबारा दिवस उघाड पडली. खालच्या थरात ओल नसल्याने कोवळी रोपे माना टाकतात, आणि दुबार पेरणीचे संकट घरावर येते. बियाण्याचा व मजुरीचा खर्च दुप्पट होतो आणि हंगामही मागे पडतो. कर्जाचा पहिला डोंगर बहुधा येथेच उभा राहतो. शिवारातील एका आकड्याने हे नुकसान टळण्यासारखे असते.

दुसरा उपयोग फवारणीचा. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या दुर्घटनेमागे अनेक कारणे होती. औषधांची मिश्रणे केली गेली होती, अंगावर संरक्षक कपडे नव्हते आणि पऱ्हाटी उंच वाढली होती. वारा अंगावर येत असता किंवा दुपारच्या उकाड्यात फवारणी करणे हे असा धोका वाढविणारेच असते. आपल्या धुऱ्यावर वारा किती वेगाने व कोणत्या दिशेने वाहतो, हे घरी बसून कळत असेल, तर पंप पाठीवर घेण्यापूर्वी तो आकडा पाहणे कठीण नाही. वारा दहा किलोमीटरच्या वर गेला किंवा दिशा बदलती असली, तर काम थांबवावे. सकाळी वारा मंद असताना, वाऱ्याकडे पाठ करून फवारावे. मुखवटा, हातमोजे व अंगभर कपडे यांची जागा कोणतेही यंत्र घेऊ शकत नाही, हे वेगळे सांगावयास नको.

तिसरा उपयोग ओलिताचा. वरूड, मोर्शी, अचलपूर व चांदूर बाजार या भागांतील संत्रा बागाईतदार बहार धरण्यासाठी झाडांना ताण देतात. ताण तोडण्याची वेळ साधणे हे त्यांचे मोठे कसब असते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे चार हजार लिटर पाणी. अवकाळी पाऊस २ मिलिमीटर झाला की २० मिलिमीटर, यावर बागेचा ताण मोडला की नाही हे ठरते. अकोट भागातील केळीच्या बागांना हिवाळ्यात थंडीची झळ पोहोचते. पारा १० अंशांच्या खाली जाऊ लागल्याचे रात्रीच कळले, तर पाणी देऊन वा धूर करून बचावाचा उपाय वेळेवर योजता येतो. खारपाणपट्ट्यात, जेथे विहिरीचे पाणी पिकास मानवत नाही, तेथे आभाळातून पडलेल्या प्रत्येक मिलिमीटराचा हिशेब ठेवणे हे तर अधिकच मोलाचे आहे.

चौथा उपयोग नुकसानीच्या प्रसंगी होतो. २४ तासांत ६५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस मंडळात नोंदला गेला म्हणजे ती अतिवृष्टी, असे शासकीय मदतीसाठी मानले जाते. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेतही भरपाई ठरते ती नेमून दिलेल्या केंद्राच्या नोंदीवर. घरच्या यंत्राचा आकडा हा शासकीय पुरावा नव्हे, ही गोष्ट शेतकऱ्यांनी स्पष्ट समजून असावे व कार्यकर्त्यांनीही ती लपवू नये. अन्यथा यंत्र घेणाऱ्याच्या पदरी निराशा येईल. तरीही रोजच्या रोज, खाडाखोड न करता लिहिलेली वही व्यर्थ नसते. मंडळाच्या केंद्रावर ३० मिलिमीटर दिसत असताना गावात ९० मिलिमीटर पडला, हे तारीखवार सांगता आले, तर पंचनाम्याची मागणी करण्यास आधार मिळतो. ‘आमच्याकडे फार पडला’ या वाक्याचे वजन आणि अनेक हंगामांच्या वहीचे वजन सारखे नसते. उलट, ज्या गावाची वही प्रसंग पाहून लिहिली जाते, त्या गावाचे खरे आकडेही पुढे कोणी मानीत नाही.

बसविताना घ्यावयाची काळजी

यंत्र किती किमतीचे आहे यापेक्षा ते कोठे बसविले आहे, यावर त्याची विश्वासार्हता अवलंबून असते. काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

जागा मोकळी असावी. झाड, घर वा गोठा यांची जितकी उंची, त्याच्या निदान दुप्पट व शक्य तर चौपट अंतर राखावे. आठ मीटर उंचीचा निंब असेल, तर यंत्र त्यापासून सोळा मीटरांच्या आत नसावे. बत्तीस मीटर अंतर मिळाल्यास उत्तम. विजेच्या तारांखाली किंवा त्यांच्या जवळ खांब मुळीच उभा करू नये.

टिनाच्या छपरावर किंवा सिमेंटच्या गच्चीवर यंत्र बसविण्याचा मोह टाळावा. वऱ्हाडातील मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तापलेल्या टिनावरील संवेदक हवेची उष्णता सांगत नाही. तो टिनाची उष्णता सांगतो. संवेदकाभोवती पांढऱ्या चकत्यांचे छत्र असलेच पाहिजे, आणि तो जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर असावा.

येथे एक अडचण आहे. पर्जन्यमापकाची कड जमिनीपासून सुमारे ३० सेंटिमीटर वर असावी, असा आपल्याकडील प्रघात आहे. वाऱ्याचे मोजमाप मात्र शास्त्राप्रमाणे १० मीटर उंचीवर व्हावयास हवे. एकाच खांबावर सर्व साधने असलेल्या यंत्रात या तिन्ही गरजा एकाच वेळी भागत नाहीत. दोन मीटर उंची ही तडजोड होय, आणि शेतीच्या नित्य कामास ती चालते. पावसाची खातरजमा करण्यासाठी शेजारी एक साधे हाती पर्जन्यमापक ३० सेंटिमीटर उंचीवर अवश्य ठेवावे.

वऱ्हाडच्या काळ्या मातीचा स्वभाव ध्यानात घ्यावा. ही माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तीत नुसता रोवलेला खांब एका वर्षात कलतो. खांब कलला की पन्हळी तिरपी होतात व पावसाचा आकडा चुकतो. म्हणून खोल खड्डा घेऊन, खाली मुरूम दाबून, सिमेंटचा पाया घालावा. गवंड्याची पाणसळ लावून पात्र समपातळीत आहे की नाही, ते मृगापूर्वी व दिवाळीनंतर तपासावे. रोही, रानडुकरे व वानरे यांपासून बचावासाठी भोवती विरळ तारेचे कुंपण करावे. परंतु पात्रावर सावली पडेल असे काही उभारू नये.

बिनतारी संदेश कंपनीच्या कागदावर शंभर मीटर पोहोचत असला, तरी तो मोकळ्या मैदानातील हिशेब असतो. मातीच्या जाड भिंती तो कमी करतात. टिनाचे पत्रे तर जवळजवळ अडवितात. दर्शक पेटी खांबाच्या दिशेच्या खिडकीपाशी ठेवावी. खरेदी करतानाच लहरींची संख्या विचारून घ्यावी. आपल्या देशात ठराविक शक्तीच्या मर्यादेत ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झचा पट्टा परवान्याविना वापरता येतो. अमेरिकेसाठी बनविलेली ९१५ मेगाहर्ट्‌झची यंत्रे या पट्ट्यात बसत नाहीत. स्वस्त मिळाली तरी ती घेऊ नयेत.

पेटी सुरू करताच पाऊस इंचांऐवजी मिलिमीटरमध्ये, उष्णता सेल्सिअस अंशांत व वारा ताशी किलोमीटरमध्ये दिसेल अशी योजना करावी. बाहेरच्या भागातील बॅटरी उन्हाने लवकर खराब होतात व त्यांतील द्रव पाझरून यंत्र बिघडते. त्या मृगाच्या आधी बदलाव्यात. आभाळ गडगडू लागल्यावर खांबास हात लावू नये. आकडा घरातील पेटीवर दिसतोच.

मोजणीची वेळ व पडताळणी

हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ वाजता संपतो. आदल्या सकाळच्या साडेआठपासून त्या सकाळच्या साडेआठपर्यंतचा पाऊस त्या तारखेस लिहिला जातो. घरची दर्शक पेटी मात्र बहुधा मध्यरात्री आकडा शून्यावर आणते. रात्री दहा ते पहाटे दोनपर्यंत एकच सर पडली, तर पेटी तिचे दोन तुकडे करते. सरकारी नोंदीत ती एकाच दिवसाची असते. हा फरक ध्यानात न घेता दोन्ही आकड्यांची तुलना केली, तर नाहक वाद होतात. यास्तव गावच्या वहीत नोंद साडेआठचीच असावी. पेटीवरील हंगामाच्या एकूण पावसाचा आकडा रोज साडेआठ वाजता पाहून त्यातून कालचा आकडा वजा केला, की काम भागते.

यंत्राची परीक्षा घरच्या घरी घेता येते. पात्राच्या तोंडाचा व्यास ११ सेंटिमीटर असेल, तर ९५ मिलिलिटर पाणी म्हणजे १० मिलिमीटर पाऊस. औषधाच्या मापाने एवढे पाणी मोजून अर्ध्या तासात थेंबथेंब सोडावे. पेटीवर दहाच्या आसपास आकडा आला, तर यंत्र खरे. आठ किंवा बारा आला, तर पन्हळी साफ करून, पाणसळ लावून पुन्हा पाहावे. खऱ्या पावसाशी गल्लत होऊ नये, म्हणून परीक्षेचा आकडा वहीत तसा शेरा मारून लिहावा.

वहीत तारीख, पाऊस, दिवसाची कमाल व किमान उष्णता, वारा आणि शेरा एवढे रकाने पुरेत. शेऱ्यात पेरणी, डवरणी, फवारणी, कीड दिसल्याचा दिवस, बहार फुटल्याचा दिवस हे लिहावे. भारनियमनात इंटरनेट बंद पडते, मोबाइल हरवतो, यंत्र बिघडते, वही राहते.

यंत्र कोणाचे असावे?

या यंत्रांविषयी दोन आक्षेप घेतले जातात. मोबाइलवर सर्व काही फुकट दिसत असता खर्च कशाला, हा पहिला. मोबाइलवरील आजच्या पावसाचा आकडा हा बहुधा दूरच्या केंद्रांवरून व उपग्रहांवरून केलेला हिशेब असतो. त्या वावरात ठेवलेल्या पात्रातील पाणी तो नव्हे. दुसरा आक्षेप असा, की हे सधन बागाईतदारांचे खेळणे आहे, दोनचार एकरांच्या कोरडवाहू कास्तकारास ते परवडणारे नाही. हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तरही त्यातच आहे. एका घराला जे जड जाते, ते गावाला जड जात नाही. ज्याची जमीन थोडी त्याला चुकीच्या पेरणीचा फटका अधिक बसतो. म्हणून नोंदीची गरज त्यालाच अधिक आहे.

ग्रामपंचायत, शेतकरी गट किंवा उत्पादक कंपनी यांनी गावामागे एक बिनतारी केंद्र घ्यावे आणि शिवाराच्या चार दिशांना चार साधी हाती पर्जन्यमापके ठेवावीत, ही योजना सर्वांत हितकर ठरेल. पैसा अपुरा असेल, तर आधी हाती पर्जन्यमापके घ्यावीत. ती काही शे रुपयांत मिळतात व त्यांना बॅटरी लागत नाही. चार कोपऱ्यांतील पाऊस मोजणारे गाव एकाच महागड्या यंत्राच्या गावापेक्षा आपले शिवार अधिक ओळखील.

केंद्र शाळेच्या आवारात ठेवावे, अशी सूचना पुष्कळदा होते. मुलांच्या शिक्षणाच्या दृष्टीने ती चांगली आहे. परंतु विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि पेरणीचा निर्णय त्यापूर्वीच करावयाचा असतो. म्हणून मृगाची वही शाळेवर सोपवून चालणार नाही. नोंदीसाठी गावातील एक व्यक्ती व तिच्या गैरहजेरीसाठी दुसरी, अशी दोन नावे मे महिन्यातच ठरवावीत. बचत गटातील स्त्रियांकडे हे काम दिल्यास त्या ते नेटाने करतील. रोजचा आकडा चावडीवरील फळ्यावर लिहावा, म्हणजे कोणाच्या मोबाइलवाचून कोणाचे अडणार नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे कर्तव्य यंत्राची शिफारस करून संपत नाही. जागा निवडताना हजर राहणे, पहिल्या महिन्यात आठवड्यातून एकदा वही पाहणे, आणि गावचा आकडा मंडळाच्या आकड्याशेजारी लिहून दोहोंतील अंतर वरिष्ठांच्या नजरेस आणणे, ही त्यांची कामे होत. ज्या मंडळात असे अंतर वारंवार व मोठे आढळेल, तेथे आणखी केंद्र हवे, हे त्या वह्याच दाखवून देतील. शासनानेही अशा वह्यांकडे तक्रारींचे गठ्ठे म्हणून पाहू नये. फुकट मिळालेली मोजणी म्हणून पाहावे.

मृग दर साल येतो आणि दर साल निराळा येतो. मेअखेर खांब रोवून, पाणसळ लावून, ९५ मिलिलिटर पाण्याने परीक्षा घेऊन गावाने वहीचे पहिले पान आखून ठेवावे. पहिल्या पावसानंतरच्या सकाळी साडेआठ वाजता त्यावर पहिला आकडा पडावा, आणि ७५ मिलिमीटरची बेरीज भरेपर्यंत त्या गावच्या तिफणी घरीच राहाव्यात.